दोन्ने आणि द्रोण : बंगळूरच्या भोजनगृहांचा इतिहास आणि आपण

बदली होऊन किंवा नोकरी लागून या शहरात आलेला मराठी माणूस सामान उतरवून होतो न होतो तोच दोन प्रश्न विचारतो. पहिला मुलांच्या शाळेचा, आणि दुसरा, ‘इथे बाहेर जेवायला चांगले कुठे मिळते?’ पहिल्या प्रश्नाला आपण गांभीर्याने उत्तर देतो. दुसऱ्याला चार नावे सांगून मोकळे होतो. वस्तुतः दुसरा प्रश्न इतिहासाचा आहे. कोणत्या शहरात कोणी कोणासाठी चूल पेटवली, हे पाहिले म्हणजे ते शहर कोणी वसवले, कोण कुठून आले आणि कोण कोणाच्या पंक्तीला बसले, हे सारे उलगडत जाते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत खाण्यापिण्याचा विषय काहींना हलका वाटेल. परंतु या विषयाच्या पोटात आपल्याच एका विसरलेल्या नात्याची कथा दडलेली आहे, आणि ती सांगण्यास याहून उचित निमित्त कोणते?

पैसे देऊन परक्याच्या हातचे खाणे ही आपल्या समाजात फार जुनी चाल नव्हे. यात्रेकरूला धर्मशाळा व अन्नछत्र होते, विद्यार्थ्याला माधुकरी होती, पुण्यासारख्या ठिकाणी वार लावून जेवण्याची सोय होती. अन्न विकणे हे कमीपणाचे आणि विकत घेणे नाइलाजाचे मानले जाई. त्यात शिवाशिवीचे निर्बंध! दक्षिणेतही स्थिती निराळी नव्हती. येथे धर्मशाळेला ‘छत्र’ म्हणतात. रेल्वे स्थानकाजवळचे गुब्बी तोटदप्पांचे छत्र याच परंपरेतले. भोजनगृह जन्मास यायला घरची चूल मागे टाकून आलेल्या माणसांची मोठी संख्या लागते. बंगळूरला ही माणसे लाटालाटांनी येत गेली, आणि त्यांतील एक फार जुनी लाट मराठ्यांची होती.

केंपेगौडांनी 1537 मध्ये वसवलेल्या या नगरावर 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाची स्वारी झाली. तीत शहाजीराजे होते. पुढे बंगळूर त्यांच्या जहागिरीत आले आणि त्यांच्या कर्नाटकातील कारभाराचे केंद्र बनले. जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त शहाजीराजांच्या दरबारातील नाना भाषांच्या कवींचे वर्णन आहे, हा ग्रंथ इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1922 मध्ये प्रकाशात आणला. बाल शिवाजीराजांचेही काही काळ येथे वास्तव्य झाले. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवालयास व्यंकोजीराजांनी एक गाव इनाम दिल्याचा 1669 चा शिलालेख त्या देवळाच्या परिसरात आहे. 1687 मध्ये मोगलांनी शहर घेतले आणि नंतर ते तीन लक्ष रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. राज्य गेले, सारी माणसे मात्र परतली नाहीत. मराठा कुटुंबे या मुलखात रुजली. त्यांच्या मराठीत कन्नडचा गोडवा मिसळला आणि पुरुषांच्या नावामागे ‘राव’ हे उपपद कायम राहिले. 1950 मध्ये याच शहरात एका मराठा घरात जन्मलेले आणि पुढे येथील बसमध्ये वाहकाची नोकरी केलेले शिवाजीराव गायकवाड सर्वांना परिचित आहेत. रजनीकांत या नावाने!

आता दुसऱ्या लाटा पाहू. 1809 मध्ये इंग्रजांनी जुन्या पेठेपासून दूर, पूर्वेस लष्करी छावणी वसवली. तेव्हापासून बंगळूरची दोन शहरे झाली : पश्चिमेस कन्नड, तेलुगु व मराठी बोलणारी पेठ आणि पूर्वेस तमिळ, उर्दू व इंग्रजी ऐकू येणारी छावणी. 1864 मध्ये छावणीला मद्रासची रेल्वे जोडली गेली. 1884 मध्ये पुढे बिन्नी या नावाने प्रसिद्ध झालेली गिरणी सुरू झाली. पेठेत अक्किपेट तांदळाची, कॉटनपेट कापसाची. हमाल, गिरणी कामगार, गाडीवान, खटल्यासाठी आलेले शेतकरी, शिकायला आलेली मुले यांची गर्दी वाढली. या सर्वांना घराबाहेर खायला हवे होते. ती गरज दोन प्रकारच्या चुलींनी भागवली, आणि त्या दोन्ही चुली बाहेरून आलेल्यांच्या होत्या.

पहिली उडुपीकरांची. दक्षिण कॅनरा जिल्ह्यातून, विशेषतः उडुपीच्या आसपासच्या खेड्यांतून, गरीब ब्राह्मण तरुण आचारी म्हणून शहरांत आले. हीच माणसे मुंबईत माटुंग्याला पोहोचली, मद्रासला गेली. बंगळुरात मय्या बंधूंनी 1924 मध्ये लालबाग भागात ‘ब्राह्मण कॉफी क्लब’ काढला. त्या काळी नावातला पहिला शब्द म्हणजे स्वयंपाकघरात कोण आहे याची गिऱ्हाइकाला दिलेली हमीच होती. पुढे यज्ञनारायण मय्या 1951 मध्ये युरोपच्या प्रवासास गेले, तेथील भोजनगृहांची स्वच्छता व शिस्त पाहून आले आणि परतल्यावर भांडी वाफेने निर्जंतुक करण्यासारख्या सुधारणा त्यांनी केल्या. 1960 मध्ये जुने नाव जाऊन ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ हे नाव आले. हेच आपणा सर्वांचे एम. टी. आर. ब्राह्मण्याची हमी जाऊन तिच्या जागी स्वच्छतेची हमी आली. एका पाटीच्या बदलात केवढे सामाजिक स्थित्यंतर सामावले आहे! दुसऱ्या महायुद्धात तांदूळ दुर्मिळ झाला तेव्हा येथेच रव्याची इडली निघाली, असे हे घराणे सांगते. गांधी बाजारातील ‘विद्यार्थी भवन’ 1943 चे. आसपासच्या शाळांतील मुलांसाठी निघालेले आणि जाड, खरपूस मसाला दोशासाठी नावाजलेले. मल्लेश्वरमचे सी. टी. आर., शंकरपुरमचे 1965 चे ‘ब्राह्मिन्स कॉफी बार’ ही त्याच वंशावळीतली नावे.

दुसरी चूल सामिष भोजनाची, आणि तिथे आपला धागा आहे. जुन्या बंगळुरात ‘मिलिटरी हॉटेल’ अशी पाटी दिसली की आत मटण मिळणार, हे येथील माणसाला सांगावे लागत नाही. नवागताला मात्र ही लष्करी उपाहारगृहे वाटतात! या नावाविषयी दोन परंपरा सांगितल्या जातात. एक म्हणते, मराठा शिपाईगिरीशी या अन्नाचे नाते आहे; शहाजीराजांच्या फौजांबरोबर आलेल्यांच्या वंशजांनी ही हॉटेले काढली. दुसरी छावणीतील शिपायांकडे बोट दाखवते. नावाचे मूळ काहीही असो, यांतील अनेक नामांकित हॉटेले मराठा घराण्यांनी काढली व चालवली, हे पाट्यांवरील ‘राव’ आणि ‘शिवाजी’ ही नावेच सांगतात. कॉटनपेटचे एस. जी. राव मिलिटरी हॉटेल 1908 चे. म्हणजे एम. टी. आर.हूनही ते सोळा वर्षांनी वडील! जयनगरातले शिवाजी मिलिटरी हॉटेलही स्वातंत्र्यापूर्वीपासूनच्या परंपरेचे. गमतीची गोष्ट अशी की, उडुपी हॉटेलच्या गल्ल्यावरचे ‘राव’ माध्व ब्राह्मण असतात आणि मिलिटरी हॉटेलच्या गल्ल्यावरचे ‘राव’ मराठे. एकच आदरार्थी उपपद, आणि पदार्थांच्या पाटीत जमीन-अस्मानाचा फरक.

येथील मुख्य पदार्थ म्हणजे दोन्ने बिर्याणी. हैदराबादी बिर्याणीचा केशरी डौल तिच्यात नाही, लखनौचा अत्तरी नखराही नाही. बारीक दाण्याचा जिरेसांबा तांदूळ, पुदिना, कोथिंबीर आणि हिरवी मिरची यांच्या वाटणाने आलेला हिरवट रंग, आणि रस्सा मुरलेले मटण. ती वाढतात ‘दोन्न्या’त. दोन्ने म्हणजे आपला द्रोण. पूर्वी तो पानांचा असे, आता बहुधा सुपारीच्या पोफळीच्या विरीचा. श्राद्धपक्षाच्या आणि लग्नकार्याच्या पंक्तीत खीर किंवा कढी ज्यात घेतली तोच हा द्रोण कॉटनपेटेत मटण घेऊन पुढे येतो, तेव्हा शब्दांचे प्रवासही माणसांइतकेच लांबचे असतात हे पटते. सोबत खिम्याचे गोळे, ज्यांना येथे ‘कैमा उंडे’ म्हणतात, चॉप्स, पायाचे सूप, आणि नाचणीचा उंडा म्हणजे ‘रागी मुद्दे’.

या नाचणीच्या मुद्द्यापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी विनंती आहे. मराठ्याच्या पानात भाकरी असायची. येथे मुद्दे आले. कोल्हापूरकडील तांबड्या रश्श्याच्या जागी हिरवे वाटण आले. या माणसांनी आपल्या घरच्या चवीची पाटी लावून गिऱ्हाइकाची वाट पाहिली नाही. जुन्या म्हैसूर मुलखातील शेतकरी व हमाल जे खातो ते शिकून घेतले, त्यात आपला हात मिसळला आणि त्यातून जे निघाले ते आज अवघ्या बंगळूरचे म्हणून ओळखले जाते. मराठी म्हणून ते कोणी ओळखत नाही. हे अपयश की यश? प्रस्तुत लेखकाच्या मते हे फार मोठे यश आहे. मात्र त्याची किंमतही आहे. किंमत अशी की, आपण मंडळात जमणारे मराठी लोक आणि ते मराठे यांची ओळखच उरलेली नाही. आपण त्यांच्या बोलीला ‘शुद्ध नाही’ म्हणतो, त्यांच्या हॉटेलाला ‘इकडचे’ म्हणतो, आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीला निघालो तरी त्यांच्या दारावरून पुढे जातो.

मुंबईच्या गिरणगावाशी तुलना केली तर चित्र अधिक स्पष्ट होते. तेथे घाटावरून व कोकणातून आलेल्या कामगारांना खानावळवाल्या बायकांनी जेवू घातले. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्या बायकांना संघटित केले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि त्यांचे श्रम समाजाच्या नजरेस आणले. गिरणगावच्या चुलीला नाव मिळाले. कॉटनपेटच्या मराठा चुलीला ते मराठी वाङ्मयात अद्याप मिळायचे आहे. ‘खानावळ’ हा शब्द मात्र आपल्याआधी येथे पोहोचला आहे. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी देणाऱ्या उत्तर कर्नाटकी भोजनगृहांच्या पाट्यांवर कन्नड लिपीत ‘खानावळि’ असे लिहिलेले असते. घरची आठवण अनावर झालेल्याने तेथे अवश्य जावे. सोलापूर आणि विजापूर यांच्या पानांत फारसे अंतर नाही, हे पहिल्या घासाला कळेल.

पुढची कथा वेगाने बदलली. आणीबाणीच्या काळात सरकारने खाद्यपदार्थांचे दर बांधून दिले. त्या दरात दर्जा राखणे परवडेना, तेव्हा एम. टी. आर.ने रोजच्या तोट्याचा आकडा दाराबाहेर फलकावर लिहिला आणि अखेरीस काही काळ दार बंद ठेवले. कामगारांना काम हवे म्हणून तयार पिठांची व मसाल्यांची विक्री वाढवली. त्या जोडधंद्याचा पुढे मोठा कारखाना झाला आणि 2007 मध्ये तो ऑस्लो येथे मुख्यालय असलेल्या ऑर्क्ला या नॉर्वेच्या उद्योगसमूहाने विकत घेतला. भोजनगृहे मय्या कुटुंबाकडेच राहिली. उडुपीच्या खेड्यातील आचाऱ्याचे वाटण स्कँडिनेव्हियातील एका राजधानीच्या हिशेबवहीत जाऊन बसले! दरम्यान 1983 मध्ये जयनगरात आर. प्रभाकर यांनी ‘कॅफे दर्शिनी’ काढले. आधी पैसे भरून चिठ्ठी घ्यायची, समोर दिसणाऱ्या स्वयंपाकघरातून ताटली उचलायची आणि उभ्यानेच खायचे. टेबल-खुर्ची गेली, तशी पंक्तीची विचारपूसही गेली. उंच टेबलाशी शेजारी कोण उभा आहे हे कोणी विचारत नाही. समतेचे जे काम अनेक भाषणांनी झाले नाही, ते काही अंशी या उभ्याच्या खाण्याने केले.

आणि आता आपले बेळ्ळंदूर. ज्या तळ्याच्या पाण्यावर एके काळी भात आणि भाजी पिकत होती, त्याच्या काठाशी आज काचेच्या इमारती आहेत. तळ्याच्या पाण्यावर फेस आला, 2015 आणि 2017 मध्ये त्यावर आगही दिसली. शेती केव्हाच गेली. ही शहराची सर्वांत ताजी लाट, आणि तिच्यात आपली मुले-सुना आहेत. येथे वडापाव मिळतो, मिसळ मिळते, आणि कित्येक मराठी गृहिणी एकट्या राहणाऱ्या तरुणांना पोळी-भाजीचे डबे पुरवतात. इतिहासाच्या दृष्टीने पाहता 1908 मध्ये कॉटनपेटेत जे घडले तेच येथे पुन्हा घडत आहे : घरची चूल मागे टाकून आलेल्याला कोणीतरी आपल्या चुलीवरचे वाढत आहे.

तेव्हा ‘बाहेर जेवायला कुठे जावे?’ या प्रश्नाचे उत्तर असे द्यावेसे वाटते. शाकाहारी मंडळींनी सकाळी लवकर लालबागेत फेरी मारून एम. टी. आर. गाठावे, दोसा हवा तर गांधी बाजार किंवा मल्लेश्वरम गाठावे. सामिष खाणाऱ्यांनी एकदा तरी जयनगर किंवा कॉटनपेट येथे दुपार टळण्यापूर्वी जावे, कारण चांगला माल दुपारपर्यंतच टिकतो. मात्र तेथे गेल्यावर द्रोण रिकामा झाला म्हणजे गल्ल्यावरच्या रावांशी मराठीत चार शब्द बोलावेत. उत्तर कदाचित कन्नडमिश्रित येईल. ते कान देऊन ऐकावे. त्यांचे आजोबा कोणत्या पेठेत राहत, पहिली चूल कोणी मांडली, घरात कोणती गाणी, कोणते कुलधर्म टिकले, हे विचारावे आणि लिहून ठेवावे. जुन्या पिढीच्या तोंडी असलेला हा इतिहास त्या पिढीबरोबर जाईल. सुवर्णमहोत्सवानंतरच्या पहिल्या वर्षी मंडळाने एवढे एक कार्य अंगावर घ्यावे, आणि पुढील कोजागिरीला त्या घराण्यांना पाहुणे म्हणून नव्हे, तर वडीलधारे म्हणून बोलवावे. या शहरात पान मांडून बसण्याची रीत आपल्याआधी ते शिकले आहेत.