रिकव्हरी चालू असताना शटडाऊन
डेटाबेस सर्व्हर पुरता जागा झालेला नसतानाच त्याला बंद होण्याचा हुकूम मिळाल्यास उद्भवणारी स्थिती. येथे विचार पोस्टग्रेस्क्यूएलपुरता केला आहे.

पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी ‘वॉल’ या रोजकीर्दीत टिपतो आणि डेटा फाइलींतली खतावणी सवडीने करतो. ही पद्धत ७.१ या आवृत्तीत (२००१) आली. वीज गेल्यावर पुढच्या वेळी ‘स्टार्टअप’ नावाची प्रोसेस शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे खतावणी पूर्ण झाल्याची खात्री असलेल्या टप्प्यापासून, ही कीर्द पुन्हा वाचते; हीच रिकव्हरी. कोणत्या नोंदीपर्यंत खतावणी झाली, याचा क्रमांक प्रत्येक पानावर असतो. त्यामुळे काम मध्येच तुटले तरी हिशेब बिघडत नाही. वाया जातो तो वेळ, कारण वाचन पुन्हा त्याच चेकपॉइंटपासून सुरू होते.

हुकूम देणारा दर वेळी माणूसच असतो असे नाही. लिनक्सवरील सिस्टमडी ९० सेकंदांत सर्व्हर तयार झाला नाही तर त्याला थांबवते. मोठी रिकव्हरी तेवढ्यात कुठली आटोपायला? म्हणून पोस्टग्रेसची अधिकृत माहितीपुस्तिका ही मुदत अमर्याद ठेवायला सुचवते.

थांबण्याचा सिग्नल आला की स्टार्टअप प्रोसेस फक्त एक खूण करून ठेवते आणि दोन नोंदींच्या मध्ये ती तपासते. अपवाद एकच: संग्रहातून जुनी वॉल फाइल आणणारी आज्ञा चालू असेल, तर स्टार्टअप प्रोसेस तिथल्या तिथे बाहेर पडते. खरी मेख इथेच होती. ही आज्ञा चालवण्यासाठी जन्मलेली उपप्रोसेस क्षणभर आईचेच सिग्नल-नियम पाळते, आणि सिग्नल तर साऱ्या प्रोसेस-गटाला जातो. नेमक्या त्या क्षणी तो आला, की उपप्रोसेस स्वतःला आई समजून सामायिक मेमरीची आवराआवर करू लागे! २०२३ मध्ये सिग्नल हाताळताना आधी प्रोसेस क्रमांक ताडून पाहण्याची दुरुस्ती झाली.

सर्व्हर अडकला आहे की नुसता हळू चालला आहे, हे ‘पीएस’ या आज्ञेच्या यादीवरून कळते: स्टार्टअपच्या नावापुढे सध्याच्या वॉल फाइलचा क्रमांक दिसतो. आवृत्ती १५ पासून लॉगमध्येही दर १० सेकंदांनी प्रगती उमटते. क्रमांक हलतच नसेल, तर जीडीबी हा डीबगर लावून स्टॅक पाहावा. ‘किल मायनस नाइन’ मात्र टाळावे.

क्रॅशनंतरची रिकव्हरी शटडाऊनने मध्येच तोडल्यावर पुढच्या वेळी लॉग सांगतो, की डेटा बहुधा खराब झाला असून शेवटचा बॅकअप वापरावा लागेल. ही सूचना वाचन स्वतःच कोसळल्याच्या शक्यतेसाठी आहे. बॅकअपकडे धावण्यापूर्वी लॉगमध्ये थोडे वर जाऊन ‘फास्ट शटडाऊन’ची विनंती नोंदलेली आहे का, ते पाहावे.