काडतुसांची हातभरणी व अव्यक्त दोषाचा शोध

जुन्या शस्त्रांचा संग्रह करणारे गृहस्थ बंदुकीची नळी, दस्ता, कारागिराचें नांव व साल यांकडे फार बारकाईनें पाहतात. परंतु त्या बंदुकींत काय व किती भरलें जात असे, याकडे त्यांचें लक्ष क्वचित्‌ जातें. वस्तुतः बंदूक हें अर्धें वाक्य होय. त्याचें क्रियापद काडतुसांत असतें. प्रस्तुत लेखांत अमेरिकेंतील लहान शिकारीच्या रायफली व त्यांकरितां घरीं भरलेलीं काडतुसें यांचा इतिहास संक्षेपानें सांगून त्यावरून निघणारा निष्कर्ष वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. तो निष्कर्ष असा कीं, या रायफलींच्या अचूकतेचें श्रेय दारूच्या जोरास जितकें दिलें जातें तितकें देणें योग्य नाहीं. त्याचा मोठा वांटा नोंदवहीकडे जातो.

प्रथम शब्दाचा विचार करूं. या शिकारीच्या प्राण्यांस तिकडे ‘व्हार्मिंट’ म्हणतात. हा ‘व्हर्मिन’ या शब्दाचा बोलींतील अपभ्रंश असून त्याचें मूळ लॅटिन ‘वेर्मिस’, म्हणजे किडा, हें आहे. संस्कृत ‘कृमि’ शब्दाशीं त्याचें यमक जुळतें खरें, परंतु दोहोंचें मूळ एक मानण्यास आद्य व्यंजनाची अडचण आहे. या वर्गांतील मुख्य प्राणी ‘वुडचक’ हा खारीच्या कुळांतला असून शेतांत बिळें करून राहतो व पिकें खातो. त्याचें शरीर लहान, सावधपणा मोठा. म्हणून नेम दूरवरून धरावा लागतो. गोळी ओझरती लागली तर तो बिळांत शिरतो व तेथें हालहाल होऊन मरतो. तेव्हां येथें अचूकता ही नुसती हौस नसून जीवदयेचाही प्रश्न आहे. वर्तुळाच्या एका अंशाचा साठावा भाग ती कला. एका कलेची चूक १०० यार्डांवर सुमारें १ इंच होते, तर ३०० यार्डांवर ३ इंचांहून किंचित्‌ अधिक होते. एवढ्या चुकीनेंही लहान प्राणी घायाळ होऊन सुटतो.

काडतूस पुन्हां भरतां येणें हें त्याच्या टोपीवर अवलंबून असतें. १८६६ सालीं दोन रचना पुढें आल्या. एक इंग्लंडांतील बॉक्सर याची व दुसरी अमेरिकेंतील बर्डन याची. बॉक्सरच्या रचनेंत पितळी नळकांड्याच्या बुडाशीं मध्यावर एकच छिद्र असल्यामुळें आंतून सळई घालून उडालेली टोपी सहज काढतां येते. बर्डनच्या रचनेंत ही सोय नाहीं. मौज अशी कीं, इंग्रजाची रचना अमेरिकेंत रुजली व अमेरिकनाची यूरोपांत. अमेरिकेंत हातभरणी घरोघर पसरली, तिचें एक कारण हें होय. १८८४ सालीं जॉन बार्लो यानें कनेक्टिकट प्रांतांत ‘आयडियल’ नांवाचा कारखाना काढून भरणीचीं हत्यारें व गोळ्यांचे सांचे विकण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें व्येय यानें निर्धूम दारू सिद्ध केली.

या इतिहासांतील मुख्य पुरुष डॉक्टर फ्रँकलिन मॅन (१८५६-१९१६) हा होय. हा मॅसॅच्युसेट्समधील मिल्फर्ड गांवीं राहणारा वैद्यकीचा पदवीधर. कोंबड्यांच्या खाद्यासाठीं हाडें कातरण्याच्या यंत्राच्या धंद्यांत यानें पैसा मिळविला व तो गोळीच्या मार्गाच्या शोधांत खर्च केला. एकच रायफल, एकच दारू, एकच गोळी. तरी दोन गोळ्या एकाच छिद्रांतून कां जात नाहींत, हा त्याचा प्रश्न. या न सांपडलेल्या कारणास त्यानें, बीजगणितांतील अव्यक्त राशीप्रमाणें, ‘एक्स’ हें नांव दिलें. माणसाचा हात व डोळा यांचा दोष वगळावा म्हणून त्यानें काँक्रीटच्या भक्कम ओट्यावर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची खांचणी बसविली व तींत नळी ठेवून बार काढले. गोळीच्या वाटेवर ओळीनें कागदाचे पडदे लावून तिचा मार्ग तपासला. कांहीं गोळ्या मुद्दाम खरवडून व बुडाशीं विद्रूप करून त्या कोठें जातात तें पाहिलें. त्याचा ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या अक्षावर नसेल तर नळींतून सुटतांच ती बाजूस फेंकली जाते, आणि बार होतांना गोळीस येणारी विकृति हें त्याचें मोठें कारण, असें त्यांत दाखविलें आहे.

आमच्या न्यायशास्त्रांत ज्यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात तीच ही पद्धति. हातभरणी करणारा आजही तीच चालवितो. एकाच जातीचीं नळकांडीं निवडावयाचीं. दारू तराजूनें ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलावयाची (७००० ग्रेन म्हणजे १ पौंड). गोळी नळीच्या पेचदार खांचांपासून किती अंतरावर बसते तें मापावयाचें. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. दारूचें प्रमाण नेहमीं कमीकडून वाढवीत न्यावयाचें, व नळकांड्यावर अतिदाबाचीं चिन्हें दिसतांच थांबावयाचें. तीनच गोळ्यांच्या झुबक्यावरून निर्णय करूं नये. एका पोथीवरून पाठ ठरवूं नये, तसेंच हें आहे.

यावर आक्षेप असा येईल कीं, खरी सुधारणा निर्धूम दारूनें व नव्या पोलादानें झाली. हा आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. १९३० च्या सुमारास ‘.२२ हॉर्नेट’ हें काडतूस बाजारांत आलें. परंतु त्यापूर्वीं स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेंतील हौशी लोकांनीं तें जुन्या ‘.२२ डब्ल्यू. सी. एफ.’ नळकांड्यावर सिद्ध केलें होतें. १९३५ सालीं विंचेस्टर कंपनीनें ‘.२२० स्विफ्ट’ काढलें. त्याची ४८ ग्रेनची गोळी सेकंदास ४११० फूट वेगानें जाई. या वेगामुळें गोळीचा मार्ग सरळ झाला व अंतराच्या अंदाजांतील चूक कमी नडूं लागली. परंतु वेग हा झुबका लहान करीत नाहीं. उलट नळी लवकर झिजवितो. १९३७ च्या सुमारास गेबी व बुशनेल स्मिथ यांनीं ‘.२५० सॅव्हेज’चें तोंड आवळून जें काडतूस केलें, तें अनेक वर्षें हातभरणीवरच जगलें. रेमिंग्टन कंपनीनें तें १९६५ सालीं ‘.२२-२५०’ या नांवानें स्वीकारलें. दुसऱ्या महायुद्धांत गोळ्या मिळेनाशा झाल्या, तेव्हां कॅलिफोर्नियांत फ्रेड हंटिंग्टन यानें १९४३ सालीं गोळ्या दाबून करण्याचा ठसा बनविला; त्याच्या ‘आर. सी. बी. एस.’ या नांवांतील पहिलीं दोन अक्षरें ‘रॉक चक’ या बिळांतल्या प्राण्याचींच आहेत. या उदाहरणांत वाट हौशी माणसानें पाडली व कारखाना मागून आला, हें स्पष्ट दिसतें.

आतां संग्राहकांस एक विनंती. अशी रायफल विकत घेतांना तिच्याबरोबरची वही, काडतुसांच्या डब्यांतील चिठ्ठी व छिद्रें पडलेले कागद हे रद्दी म्हणून टाकूं नयेत. तारीख, दारूचें नांव व घाण्याचा अंक, गोळीचें वजन, टोपी, हवामान हें सर्व त्यांवर असतें. त्यावांचून ती रायफल मुकी होय. मात्र त्यांतील प्रमाणें आज जशींच्या तशीं वापरणें धोक्याचें आहे. कारण एकाच नांवाची दारू सर्व काळीं एकसारखी नसते. तीं प्रमाणें इतिहासाचें साधन म्हणून जपावींत. नळी गंजली तरी घांसून उजळतां येते. परंतु चुलींत गेलेली चिठ्ठी परत मिळत नाहीं.