ऑगर (पैज विनिमय मंच)

ऑगर हा इथेरियम या ब्लॉकचेनवर चालणारा, मुक्तस्रोत स्वरूपाचा विकेंद्रित अंदाजबाजार व पैज विनिमय मंच आहे. क्रीडास्पर्धा, निवडणुका, वस्तूंचे भाव अशा भविष्यातील घटनांच्या निकालांवर वापरकर्ते येथे परस्परांशी पैज लावतात. पैजेची रक्कम कोणत्याही कंपनीकडे जमा न होता ‘स्मार्ट करार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय आज्ञावलीत अडकवली जाते. घटनेचा निकाल कोणता, हेही एखादी कंपनी ठरवत नाही; ते काम ‘रेप्युटेशन’ (आरईपी) नावाचे टोकन बाळगणाऱ्यांवर सोपवलेले आहे. ऑगरची पहिली आवृत्ती ९ जुलै २०१८ रोजी कार्यान्वित झाली. प्राचीन रोममध्ये पक्ष्यांच्या हालचालींवरून शकुन सांगणाऱ्या पुरोहितांना ‘ऑगर’ म्हणत. मंचाचे नाव त्यावरून घेतलेले आहे.

पार्श्वभूमी

पारंपरिक सट्ट्यात बुकी स्वतः भाव ठरवतो आणि ग्राहकाच्या विरुद्ध बाजूस उभा राहतो. पैज विनिमयात मात्र ग्राहकच एकमेकांसमोर असतात. एक जण निकालाच्या बाजूने पैसे लावतो, दुसरा त्याच भावाने विरुद्ध बाजू घेतो आणि विनिमय चालवणारी संस्था जिंकलेल्या रकमेवर दलाली घेते. भारतीय सट्टाबाजाराच्या बोलीत या दोन बाजूंना ‘लगाई’ आणि ‘खाई’ असे म्हटले जाते. इंग्लंडमध्ये २००० साली सुरू झालेल्या बेटफेअरने हा प्रकार इंटरनेटवर रूढ केला.

अशा विनिमयात चालक संस्थेकडे तीन कामे असतात : मागण्यांची जुळणी करणे, पैसे सांभाळणे आणि निकाल जाहीर करणे. त्यामुळे संस्था बंद पडली, तर संपूर्ण बाजार थांबतो. डब्लिनमधून चालणाऱ्या इंट्रेड या अंदाजबाजारावर अमेरिकेच्या वायदे व्यापार नियामकाने (सीएफटीसी) नोव्हेंबर २०१२ मध्ये दावा दाखल केला. मार्च २०१३ मध्ये त्या मंचावरील व्यवहार थांबले. ही तिन्ही कामे मध्यस्थाविना पार पाडता येतील का, या प्रश्नातून ऑगरसारख्या प्रकल्पांची आखणी झाली.

इतिहास

जॅक पीटरसन आणि जोई क्रूग हे ऑगरच्या संस्थापकांपैकी होत. २०१४ मध्ये प्रकल्पास प्रारंभ झाला आणि विकासाचे काम ‘फोरकास्ट फाउंडेशन’ या संस्थेकडे होते. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०१५ या काळात झालेल्या जाहीर टोकनविक्रीतून ५० लाख डॉलरहून अधिक निधी जमला. आरईपी टोकनांची एकूण संख्या १ कोटी १० लाख ठरवण्यात आली व त्यांपैकी ८० टक्के टोकने या विक्रीत देण्यात आली.

सुरुवातीची आज्ञावली ‘सर्पंट’ या भाषेत लिहिलेली होती. २०१७ मधील सुरक्षा-तपासणीत या भाषेच्या संकलकात गंभीर दोष आढळल्यामुळे सर्व करार ‘सॉलिडिटी’ भाषेत नव्याने लिहिण्यात आले. जुलै २०१८ मध्ये मंच सुरू होताच काही अज्ञात वापरकर्त्यांनी प्रसिद्ध व्यक्तींच्या मृत्यूविषयी बाजार उघडले. कोणताही बाजार रोखण्याचा अधिकार कोणाकडेच नसण्याचे परिणाम काय होऊ शकतात, याची चर्चा त्यामुळे वृत्तपत्रांतून झाली. दुसरी आवृत्ती जुलै २०२० मध्ये आली.

बाजाराची रचना

ऑगरवर कोणीही बाजार उघडू शकतो. त्यासाठी प्रश्न, संभाव्य निकाल, समाप्तीची वेळ आणि निकालाचा आधार नोंदवून अनामत ठेवावी लागते. प्रत्येक निकालाचे ‘हिस्से’ असतात. सर्व निकालांचा एक-एक हिस्सा मिळून होणाऱ्या संपूर्ण संचाची किंमत नेहमी एक एकक असते.

उदाहरणार्थ, ‘अमुक कसोटी सामना भारत जिंकेल का?’ असा बाजार आहे असे मानू. एक जण ‘होय’चे १०० हिस्से प्रत्येकी ०.६० या भावाने घेण्यास तयार आहे आणि दुसरा ‘नाही’चे १०० हिस्से ०.४० या भावाने घेण्यास तयार आहे. दोघांचे ६० व ४० मिळून १०० एकके करारात अडकतात. भारत जिंकल्यास पहिल्याला शुल्क वजा जाता १०० एकके मिळतात, अन्यथा दुसऱ्याला. ०.६० हा भाव म्हणजे दशांश पद्धतीतील सुमारे १.६७ चा दर होय. संपूर्ण रक्कम आधीच जमा असल्यामुळे हरलेल्या पक्षाने पैसे बुडवण्याची शक्यता उरत नाही. निकाल लागण्यापूर्वी हिस्से विकून बाहेरही पडता येते.

पहिल्या आवृत्तीत सर्व व्यवहार इथर या चलनात होत. त्यामुळे पैज जिंकूनही चलनाचा भाव घसरल्याने नुकसान होऊ शकत असे. २०१८च्या उत्तरार्धात इथरचा भाव मोठ्या प्रमाणात घसरला तेव्हा ही उणीव स्पष्ट झाली. दुसऱ्या आवृत्तीत अमेरिकी डॉलरशी निगडित ‘डाय’ हे स्थिर चलन स्वीकारण्यात आले.

निकाल ठरवण्याची पद्धत

ब्लॉकचेनला मैदानावर काय घडले हे स्वतःहून कळत नाही. बाहेरची माहिती करारापर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेस ‘ओरॅकल’ म्हणतात. ऑगरच्या रचनेत हे काम टप्प्याटप्प्याने होते.

प्रथम बाजार उघडणाऱ्याने नेमलेला निवेदक ठरलेल्या मुदतीत निकाल नोंदवतो. पहिल्या आवृत्तीत ही मुदत तीन दिवसांची होती. तो निकाल मान्य नसल्यास कोणीही दुसऱ्या निकालाच्या बाजूने आरईपीची अनामत ठेवून हरकत घेऊ शकतो. अनामत पुरेशी जमली की तो निकाल तात्पुरता ग्राह्य धरला जातो आणि पुढील फेरी सुरू होते. प्रत्येक फेरीत आवश्यक अनामत वाढत जाते. अखेरीस चुकीच्या बाजूला ठेवलेली अनामत गमवावी लागते आणि योग्य बाजू घेणाऱ्यांना तिच्यातून मोबदला मिळतो.

एखाद्या हरकतीची अनामत एकूण आरईपीच्या २.५ टक्क्यांवर, म्हणजे २ लाख ७५ हजार टोकनांवर गेली, तर ‘विभाजन’ होते. तेव्हा प्रत्येक संभाव्य निकालासाठी ऑगरचे स्वतंत्र ‘विश्व’ निर्माण होते आणि टोकनधारकाला त्यांपैकी एक निवडावे लागते. ही निवड बदलता येत नाही. खोट्या निकालाच्या विश्वात कोणी व्यवहार करणार नाही आणि तेथील टोकन निरुपयोगी ठरेल, हे यामागील गृहीतक आहे. म्हणजेच या व्यवस्थेची सुरक्षितता आरईपीच्या बाजारमूल्यावर अवलंबून आहे. बाजारांत अडकलेली रक्कम त्या मूल्याच्या तुलनेत फार वाढली, तर खोटा निकाल लादणे फायद्याचे ठरू शकते. हे टाळण्यासाठी निकालशुल्क कमी-अधिक करण्याची तरतूद ठेवलेली आहे.

‘अवैध’ निकालाचा प्रश्न

प्रश्न संदिग्ध असल्यास किंवा समाप्तीच्या वेळी उत्तर देणे शक्य नसल्यास बाजार ‘अवैध’ ठरतो. वर दिलेल्या उदाहरणात सामना अनिर्णित राहिला तर उत्तर ‘नाही’ असे देता येते. परंतु पावसामुळे नाणेफेकच झाली नाही तर काय, हे प्रश्नात नमूद नसल्यास वाद उद्भवतो.

पहिल्या आवृत्तीत अवैध बाजारातील रक्कम सर्व निकालांच्या हिस्स्यांत समान वाटली जाई. याचा गैरफायदा घेण्यात आला. काही जणांनी समाप्तीची वेळ मुद्दाम घटनेच्या आधीची ठेवून बाजार उघडले. वरवर पाहणाऱ्याला ‘होय’चा ०.९५ हा भाव रास्त वाटे. बाजार उघडणारा मात्र ‘नाही’चे हिस्से ०.०५ ने घेई आणि बाजार अवैध ठरताच प्रत्येक हिस्स्यामागे ०.५० मिळवी. आज्ञावलीत कोणतीही चूक नसताना केवळ प्रश्नाच्या शब्दरचनेतून वापरकर्त्यांचे पैसे जात होते. दुसऱ्या आवृत्तीत ‘अवैध’ हा स्वतंत्र, खरेदी-विक्रीयोग्य निकाल करण्यात आला. त्यामुळे संशयास्पद बाजारात त्याचा भाव चढतो आणि इतरांना इशारा मिळतो.

क्रीडापैजांच्या दृष्टीने मर्यादा

पहिल्या आवृत्तीत प्रत्येक मागणी ब्लॉकचेनवर नोंदवावी लागे. ती नोंदवण्यास व रद्द करण्यास शुल्क पडे आणि नवा ब्लॉक तयार होईपर्यंत थांबावे लागे. सामना चालू असताना गडी बाद झाला की भाव क्षणात बदलतो. जुन्या भावाची मागणी रद्द होण्यापूर्वीच दुसरा कोणी ती उचलू शकतो. मध्यवर्ती विनिमय चालू सामन्यातील पैजांना काही सेकंदांचा विलंब लावून हा धोका कमी करतात. दुसऱ्या आवृत्तीत मागण्यांची नोंद ब्लॉकचेनबाहेर नेण्यात आली व केवळ जुळलेले व्यवहार इथेरियमवर राहिले. तथापि व्यवहारशुल्क अधिक असताना लहान रकमेच्या पैजा परवडत नसत. शिवाय हरकतींच्या फेऱ्या लांबल्यास जिंकलेली रक्कम आठवडेच्या आठवडे अडकून राहत असे.

२०२१ मध्ये आलेल्या ‘ऑगर टर्बो’ने यावर वेगळा मार्ग निवडला. हा मंच पॉलिगॉन या स्वस्त व जलद जाळ्यावर चालवण्यात आला आणि बास्केटबॉल, बेसबॉल यांसारख्या खेळांचे निकाल चेनलिंक या ओरॅकल जाळ्यातून घेतले जाऊ लागले. त्यामुळे निकाल लवकर लागू लागला. मात्र मूळ रचनेत टोकनधारकांच्या हाती असलेला निर्णय पुन्हा माहिती पुरवणाऱ्यांकडे गेला.

२०२० मध्ये सुरू झालेल्या पॉलिमार्केटनेही मागण्यांची जुळणी ब्लॉकचेनबाहेर व हिशेबपूर्ती पॉलिगॉनवर अशी विभागणी स्वीकारली. तेथील अनेक बाजारांत निकालासाठी ‘यूएमए’ ही पद्धत वापरली जाते. तीत प्रस्तावित निकालावर ठरावीक वेळेत हरकत न आल्यास तो ग्राह्य धरला जातो आणि वाद झाल्यास टोकनधारक मतदान करतात.

कायदेशीर स्थिती

विकेंद्रित रचनेमुळे कायद्याचे प्रश्न सुटत नाहीत. सीएफटीसीने जानेवारी २०२२ मध्ये पॉलिमार्केटला नोंदणीविना व्यवहार चालवल्याबद्दल १४ लाख डॉलरचा दंड केला. भारतात ‘पैज व जुगार’ हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय असून महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांची सेवा देण्यास, त्यांची जाहिरात करण्यास व त्यासाठीचे आर्थिक व्यवहार हाताळण्यास बंदी घातली. या कायद्यातील व्याख्येत पैशांबरोबरच आभासी नाणी व टोकने यांचाही समावेश होतो.