बर्फावरच्या गाडीचे मागचे अंग

वाचकहो, मृगाच्या पावसानंतर चिखलात रुतलेली बैलगाडी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. बैल गुडघे टेकेपर्यंत ओढतात, गाडीवान ओरडून ओरडून घसा कोरडा करतो, आणि चाक मात्र जागच्या जागी आणखी वीतभर खाली जाते. अशा वेळी जाणता माणूस दुसरी बैलजोडी आणायला धावत नाही. तो चाकाखाली फळी सारतो, आणि ओझे थोडे पुढे-मागे करतो. बर्फावर चालणाऱ्या गाडीचा इतिहास या दोन युक्त्यांचाच इतिहास आहे असे म्हटले तरी चालेल.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचे गाव आहे. तेथे १९०७ साली जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा जन्म झाला. त्या मुलखात हिवाळा आला की रस्ते महिनोन् महिने बर्फाखाली जात. मोटारी घरात ठेवायच्या आणि घोड्याची घसरगाडी बाहेर काढायची. आर्मांला लहानपणापासून यंत्रांचा नाद. १९२२ च्या अखेरीस, पंधरा वर्षांचा असताना, त्याने फोर्ड मोटारीचे जुने एंजिन एका घसरगाडीवर बसवले, मागे विमानासारखा पंखा लावला आणि भावाला घेऊन गावातून गाडी हाकली. उघडा पंखा पोरांच्या मागे गरगर फिरतो आहे हे पाहून वडिलांनी ती गाडी तिथल्या तिथे मोडायला लावली. मला वाटते, कोणत्याही बापाने हेच केले असते.

१९२६ साली या तरुणाने गावातच मोटारदुरुस्तीचे गॅरेज काढले. उन्हाळ्यात गिऱ्हाइकांच्या गाड्या आणि हिवाळ्यात बर्फावरच्या गाडीचे प्रयोग असा क्रम सुरू झाला. मग १९३४ चा हिवाळा आला. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. इस्पितळ शेरब्रूकला, सुमारे पन्नास किलोमीटरवर. रस्ता बर्फाने बंद, आणि प्रयोगाची गाडी अजून चालण्याजोगी झालेली नव्हती. मूल गेले.

पुढच्या वर्षी बोंबार्दिए यांना हवी होती ती जोडणी साधली. चाकांच्या जागी रबराचा रुंद पट्टा, आणि तो ओढायला रबर मढवलेले दात्यांचे चाक. या जोडणीचे पेटंट त्यांना १९३७ साली मिळाले. पट्ट्याची कल्पना त्यांची एकट्याची नव्हे हे सांगितले पाहिजे. रशियाच्या झारच्या मोटारखान्यातील केग्रेस या फ्रेंच माणसाने मोटारींना रबरी पट्टे आधीच लावले होते. तसल्या दोन गाड्या १९३१ साली श्रीनगरहून गिलगिटपर्यंत डोंगर चढून गेल्या. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील कार्ल एलायसन यांनी १९२४ साली सायकलच्या साखळ्या जोडून एका माणसाची मोटार-घसरगाडी केली होती. पायातील व्यंगामुळे शिकारीला निघालेल्या मित्रांबरोबर त्यांना चालता येत नसे, एवढेच निमित्त. पण बोंबार्दिए यांची सात माणसांची गाडी विक्रीला आली, आणि डॉक्टर, टपालवाले, पाद्री यांचा हिवाळा बदलला. पुढे शाळेच्या मुलांना नेणारी मोठी गाडीही निघाली. १९४८ साली क्वेबेकात मुख्य रस्त्यांवरचे बर्फ हटविण्याचा कायदा झाला, तेव्हा मोठ्या गाड्यांचा खप एकदम बसला. १९५९ साली त्यांनी छोटी, एका-दोघांची ‘स्की-डू’ काढली. बोंबार्दिए १९६४ साली वारले.

आता या छोट्या गाडीच्या पोटाखाली डोकावून पाहू, कारण खरी गंमत तेथे आहे. पुढे दोन स्की, म्हणजे घसरणाऱ्या लांब फळ्या. त्या गाडी वळवतात. आसनाखाली पत्र्याचा बोगदा, आणि त्या बोगद्यात फिरणारा पट्टा. पट्ट्याची रुंदी भार पसरवते, म्हणून गाडी रुतत नाही. शिक्षक बंधु-भगिनींनी ओल्या मातीवर एक वीट आधी उभी आणि मग आडवी ठेवून दाखवावी. मुलांना पुढचे सांगावे लागणार नाही.

गाडी रुतायची थांबली, तरी धक्के राहिलेच. गाड्यांची वाहतूक वाढली की बर्फाच्या वाटेवर एकामागून एक उंचवटे उठतात. आपल्या खडीच्या रस्त्यावर उठतात तसेच, पण गुडघ्याएवढे. सुरुवातीच्या गाड्यांत पट्ट्याच्या आत लहान लहान चाकांच्या जोड्या स्प्रिंगवर बसवलेल्या असत. त्यांना हलायला जागा अगदी थोडी; बाकीचा धक्का स्वाराच्या मणक्यात. १९६० नंतर फिनलंडच्या उत्तरेकडे सामी लोकांनी रेनडिअर राखायला ही गाडी घेतली. दिवस दिवस तिच्यावर काढणाऱ्या त्या माणसांनी कळपामागची पायपीट वाचवली आणि पाठदुखी पदरात घेतली.

पुढे चाकांच्या जोड्या जाऊन दोन लांब पट्ट्या आल्या. त्यांना रूळ म्हणू. रुळांच्या तळाला प्लास्टिकची घसरपट्टी, तिच्यावरून पट्टा सरकतो. तिला वंगण कसले? उडणाऱ्या बर्फाचेच! बर्फ नसलेल्या कडक वाटेवर गाडी पिटाळली, तर ती घसरपट्टी तापून वितळते. रूळ बोगद्याला दोन हातांनी जोडलेले, एक पुढचा, एक मागचा. त्यांच्यामध्ये स्प्रिंगा आणि धक्का गिळणाऱ्या तेलाच्या नळ्या.

कारखाना हे सारे सरासरी माणसासाठी करतो. सरासरी माणूस कुठे भेटतो? म्हणून मूळ जोडणी काढून दुसऱ्याने घडवलेली बसविण्याची रीत पडली. त्यांतली नावाजलेली ‘एम-१०’ १९९० नंतरच्या दशकात पुढे आली. ती मिनेसोटातील इव्हलेथ या लोखंडाच्या खाणींच्या गावी जेरार्ड कार्पिक यांनी घडवली. नावातल्या दहाचा संबंध इंचांशी आहे. मागचे अंग जवळजवळ दहा इंच, म्हणजे वीत आणि वर बोटभर, वरखाली होऊ शकते.

बसविणे तसे लोहारकाम आहे. पट्टा सैल करायचा, चार बोल्ट काढायचे, गाडी कुशीवर कलवून जुना सांगाडा ओढून घ्यायचा. नव्या सांगाड्यासाठी बोगद्याच्या पत्र्याला नवी भोके पाडावी लागतात, आणि सगळी मेख तेथे आहे. दोन्ही बाजूंची मापे पुढच्या दात्यांच्या आखापासून नीट जुळली नाहीत, तर पट्टा तिरका चालून आपल्याच कडा खातो. म्हणून माप दोनदा घ्यावे, आणि पत्रा पातळ वाटला तर आतून जाड पट्टी द्यावी. पट्टा फार ताणला तर एंजिनाचा जोर खातो. सैल राहिला तर दात्यांवरून उड्या मारतो. मागचे अंग उचलून टेकूवर ठेवावे आणि पट्टा सावकाश फिरवून पाहावा; त्या वेळी मागे कोणी उभे राहू नये.

मग जुळवणी. रिकाम्या गाडीचे मागचे टोक किती उंच आहे ते मोजा. स्वाराने थंडीचे सारे कपडे, बूट घालून बसावे, पुन्हा मोजा. एकूण चालीचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा बसकण झाली तर ठीक. बसकण अजिबात नसेल, तर खड्डा आला की सांगाड्याला खाली सुटायला वावच नाही. फार असेल, तर पहिल्याच उंचवट्याला तळ आपटेल.

दुसरी गोष्ट गाडीवानाला न सांगता कळेल. ओझे मागे पडले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. येथेही तेच. पुढच्या हाताला नायलॉनची एक पट्टी असते. आपण तिला लगाम म्हणू. लगाम आखडला की भार स्कीवर येतो, गाडी सांगाल तशी वळते, पण मऊ बर्फात नाक खुपसते. लगाम सैल सोडला की पट्ट्याची पकड वाढते आणि स्की हलक्या पडतात; वळणावर गाडी सरळच जाऊ लागते. समोर झाड असेल तर हा हलकेपणा महागात पडतो.

पुष्कळजण नवा महाग सांगाडा बसवतात, एकदाही स्क्रू न फिरवता हिंडतात आणि मग घडवणाऱ्याला बोल लावतात. तसला सांगाडा मूळच्यापेक्षाही वाईट चालतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, त्याच वाटेने त्याच वेगाने पुन्हा जाऊन यावे, आणि काय बदलले ते वहीत टिपावे. पुढच्या हिवाळ्यात स्वाराचे वजन वाढलेले असले, तर मोजमाप पहिल्यापासून.