मिठाचा हिशेब

पिंपरी-चिंचवड आणि चाकणपासून समुद्र घाटापलीकडे आहे, तरी या पट्ट्याला मिठाचा प्रश्न आहे आणि त्यातला बराचसा आपणच तयार केलेला आहे. २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहरात दिवसाआड पाणी येऊ लागले, तसा सोसायट्यांचा भार बोअर आणि टँकरवर वाढला. ते पाणी जड, म्हणून सॉफ्टनर आले. सॉफ्टनर कॅल्शियम काढून घेतो, पण बदल्यात सोडियम देतो. त्यातले रेझिन ताजे करायला मिठाच्या गोण्या लागतात आणि ते मिठवणी शेवटी गटारात जाते. कारखान्यांचे वेगळेच. कूलिंग टॉवर, फॉस्फेटिंग, प्लेटिंगची धुणी यांचे पाणी ईटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतून, आरओकडे जाते आणि आरओ मागे आणखी खारट रिजेक्ट ठेवतो. सांडपाण्यातले जिवाणू सेंद्रिय मळ खातात. मिठाला ते शिवत नाहीत.

हे मीठ काढायला शेतातल्या काडीकचऱ्याचा कोळसा, म्हणजे बायोचार, कामी येईल का? या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना एक भ्रम आधीच दूर केलेला बरा. साधा कोळसा मीठ धरत नाही. रंग, वास, क्लोरीन तो ओढून घेतो. सोडियमचा आयन मात्र पाण्याच्या रेणूंचे वेष्टन पांघरून त्याच्या जवळून निघून जातो. उलट न धुतलेल्या बायोचारमधली राखच पाण्यात विरघळते आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण, वाढवते.

म्हणून ‘सुधारित’ बायोचार. कमी हवेत भाजलेला कोळसा पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सिअसला पुन्हा तापवला की त्यात सूक्ष्म छिद्रे कोरली जातात आणि एका ग्रॅमचे पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या पुढे जाऊ शकते. अशा कोळशाच्या दोन पट्ट्यांना सुमारे १.२ व्होल्टचा दाब दिला की एकीकडे सोडियम, दुसरीकडे क्लोराइड छिद्रांत जाऊन बसतात. वीज काढून घेतली किंवा दिशा उलटवली की ते बाहेर पडतात आणि पट्ट्या पुन्हा वापरता येतात.

आता हिशेब. असा चांगला कोळसा एका फेरीत ग्रॅममागे साधारण १५ मिलिग्रॅम मीठ धरतो. भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि पर्यायी स्रोत नसेल तर २,०००. यातल्या वरच्या मर्यादेवरून खालच्या मर्यादेवर यायचे तर लिटरमागे, प्रत्येक फेरीला, १०० ग्रॅम कोळसा हवा. समुद्राच्या पाण्याला दोन किलोहून अधिक लागेल. म्हणजे समुद्र आरओकडेच राहू द्यावा. या तंत्राचे खरे गिऱ्हाईक मचूळ पाणी आहे.

कच्च्या मालाबद्दल इथे अनुभव आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातल्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली आणि २००२ साली तिला ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता, पण शेतात पेटवून दिले जाणारे पाचट भट्टीत घालता येते हे त्याने दाखवले. बगॅस मात्र कचऱ्यात धरू नये. साखर कारखाने त्यावर वीज करतात. माझ्या मते महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत योग्य जागा चाकण नसून पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या भागात मचूळ भूजल आणि कपाशीच्या पऱ्हाट्या एकाच शिवारात सापडतात. चाकणच्या बाजारातली कांद्याची सालेही जमेला धरावीत, पण तिथल्या कारखान्यांच्या रिजेक्टमध्ये तेल, साबण आणि सिलिका असते आणि छिद्रे त्यांनीच आधी बुजतात. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात मीठ विरघळवून काढलेले आकडे इथे फारसे उपयोगाचे नाहीत.

आणखी एक खर्च शोधनिबंधांत सहसा तळटीपेतही येत नाही. हायड्रॉक्साइडने कोरलेला कोळसा आम्लाने धुवावा लागतो. त्या धुण्यात पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मीठच, बाहेर पडते. मीठ काढणारी पट्टी तिच्या आयुष्यात किती मीठ काढते आणि ती घडवताना किती मीठ पाण्यात गेले, हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडल्याशिवाय कोणत्याही दाव्यावर विश्वास ठेवू नये. पुढची प्रकरणे म्हणूनच विजेपासून सुरू न होता भट्टी, राख आणि धुण्याच्या पाण्यापासून सुरू होतात.