सरकारी पैसा, पडदा आणि मधली वाट

स्वतंत्र भारतात चित्रपटाला सरकारने पैसा द्यावा का, हा प्रश्न पहिल्यांदा नेटाने हाताळला तो १९४९ मध्ये नेमलेल्या स. का. पाटील समितीने. व्ही. शांताराम तिचे एक सदस्य होते. युद्धकाळातल्या काळ्या पैशाने जुन्या स्टुडिओंची घडी विस्कटली होती आणि निर्माते जबर व्याजाच्या कर्जात अडकले होते. १९५१ च्या अहवालात समितीने कर्ज देणारे महामंडळ आणि चित्रपटशिक्षणाची संस्था सुचवली. दोन्ही उभी राहायला १९६० साल उजाडले. संस्था पुण्यात, ‘प्रभात’ स्टुडिओच्या आवारात सुरू झाली.

दरम्यान पश्चिम बंगालने वाट पाहिली नाही. पत्नीचे दागिने गहाण टाकूनही सत्यजित राय यांचे ‘पथेर पांचाली’चे चित्रीकरण अडले, तेव्हा मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्या सरकारने रस्ते सुधारणेच्या खात्यातून पैसा दिला. १९५६ मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

पाटील समितीच्या शिफारशीतून उभ्या राहिलेल्या केंद्राच्या कर्ज महामंडळाने, म्हणजे फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने, साठच्या दशकाअखेरीस नवोदितांना छोटी कर्जे द्यायला सुरुवात केली. सुमारे दीड लाखात झालेला मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ (१९६९) चालला. मणि कौल यांच्या ‘उसकी रोटी’सारख्या चित्रपटांना मात्र थिएटर मिळणे कठीण गेले. कर्ज निर्मितीसाठी होते, पडद्यापर्यंत पोचण्यासाठी नव्हते. कितीतरी चित्रपट डब्यातच राहिले, कर्जे थकली आणि खापर दिग्दर्शकांवर फुटले. हा अन्याय होता: वितरणाची सोय नसलेल्या योजनेतून वसुलीची अपेक्षाच चुकीची होती. १९८० मध्ये कॉर्पोरेशन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. ‘जाने भी दो यारो’ (१९८३) याच महामंडळाचा.

महाराष्ट्राने १९७५ मध्ये वेगळी वाट धरली. मराठी चित्रपटाच्या तिकिटांतून आलेला करमणूक कर निर्मात्याला पुढच्या मराठी चित्रपटासाठी परत मिळू लागला. त्यामुळे निर्मिती वाढली, पण ज्याचा चित्रपट चालला त्यालाच अधिक मिळे. वेगळी वाट चोखाळणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नसे. पुढे परताव्याऐवजी दर्जानुसार अनुदान आले.

थिएटरचा प्रश्न मात्र उरलाच. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना ‘प्राइम टाइम’ देण्याची घोषणा केली. वाद झाल्यावर ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करण्यात आली.