पदकाच्या कडेवरचे नाव

जुन्या घरातील पेटी आवरताना कधी चांदीचे एखादे जड पदक हाती लागते. एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार आणि १९१४ व १९१८ ही साले. पणजोबांना ‘बसऱ्याच्या लढाईत’ मिळालेले, एवढीच आठवण घरात उरलेली असते. पुढे मोड म्हणून ते सराफाकडे जाते. पहिल्या महायुद्धाचे हे ब्रिटिश युद्धपदक. वजन अडीच तोळ्यांहून अधिक, चांदी शेकडा साडेब्याण्णव. १९७९-८० मध्ये चांदीचे भाव जगभर भडकले तेव्हा अशी पुष्कळ पदके मुशीत गेली. वाडीतील अनेक मराठी कुटुंबांचे मूळ देशावर किंवा कोकणात आहे. त्याच मुलुखातून मराठा पलटणींची भरती होत असे. म्हणून हा विषय आपणांस दूरचा नाही.

अशा पदकांच्या इतिहासाचा प्रारंभही गुजरातेशी निगडित आहे. जानेवारी १७८० मध्ये फत्तेसिंगराव गायकवाडांनी सेनापती गॉडर्डशी तह केला आणि फेब्रुवारीत इंग्रजांनी अहमदाबाद घेतले. या मोहिमांत लढलेल्या बंगालच्या देशी फौजेस कंपनी सरकारने पुढे ‘दख्खन पदक’ दिले. कंपनीच्या मोहीमपदकांतील हे पहिले. त्यावर फारसी मजकूर आहे. शिपायाचे नाव मात्र नाही.

१९१४-१८ च्या पदकाची गोष्ट निराळी. ते आडवे धरून कड उजेडात न्याहाळली, तर बारीक इंग्रजी अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठसविलेली आढळते. लढवय्या सैनिकांस हे पदक चांदीचे मिळे. मजूर पथकांतील माणसांस तेच काशाचे मिळाले. म्हणजे धातूही काही सांगून जातो.

संशोधनाची वाट या कडेपासून सुरू होते. त्या काळी प्रत्येक पलटण आपापले क्रमांक देत असे. म्हणून नुसत्या क्रमांकावर विसंबून चालत नाही, पलटणीचे नावही जुळावे लागते. नावे कानावर पडली तशी इंग्रजीत उतरविलेली असल्याने ‘शिंदे’चे ‘सिंदे’ होणे नित्याचेच. शिवाय १९२२ मध्ये पलटणींची पुनर्रचना झाली. १०३ वी मराठा पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, ११० वी तिसरी आणि ११७ वी पाचवी. पदकावरील आकडा आजच्या यादीत सापडत नाही तो यामुळे.

याच तीन पलटणी पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात कुत येथे वेढ्यात सापडल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा हा वेढा चालला. उपासमारीने शरणागती पत्करावी लागली आणि सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांतील कित्येक परतलेच नाहीत. त्यांची पदके वारसांकडे गेली.

या मृतांचे स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याजवळ उभारले गेले. त्यावर ४०,००० हून अधिक मृतांची स्मृती राखली आहे. परंतु हिंदी पलटणींच्या रकान्यांत अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या शिपायांची केवळ संख्या दिली गेली. अशा स्मारकांतील हा भेदभाव युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये आपल्या अहवालात मान्य केला. आपल्याकडील गावोगावच्या शिलालेखांतही बहुधा ‘या गावातून इतके गेले, इतके कामी आले’ एवढेच लिहिलेले असते. म्हणून शिपायाचे नाव धातूवर राहिले ते त्या पदकाच्या कडेवरच. पदक वितळते तेव्हा चांदी उरते, पण हा पुरावा जातो.

सुदैवाने आयोगाच्या मृतांच्या नोंदींत अनेक शिपायांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव व तालुका दिलेला आहे. क्रमांक आणि पलटण जुळली की पदकावरील अनोळखी नाव रत्नागिरी वा सातारा जिल्ह्यातील एखाद्या उंबऱ्यापर्यंत पोहोचते. पलटणींच्या युद्धकालीन दैनंदिन्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांवरून ती पलटण कोणत्या दिवशी कोठे होती हे कळते. जो जिवंत परतला त्याचा माग काढणे अधिक कठीण. तेथे घरातील पत्रे, निवृत्तिवेतनाचे कागद आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

संग्राहकाने, आणि ज्याच्या घरी एकच पदक आहे त्यानेही, काही पथ्ये पाळावीत. पदक घासूनपुसून चकचकीत करू नये. कडेवरील अक्षरे झिजतात. एका सैनिकाची पदके परस्परांपासून तोडू नयेत. दुसऱ्या महायुद्धाच्या पुष्कळ पदकांवर नाव नसते. म्हणून त्यांच्या सोबतचा कागद पदकाइतकाच मोलाचा मानावा.

शतकभर आपल्या ग्रंथालयाने छापील अक्षर जपले. धातूवरची ही एक ओळही जपण्याजोगी आहे. ज्यांच्या घरी असे पदक असेल त्यांनी ते घरीच ठेवावे, पण कडेवरील मजकूर जसाच्या तसा उतरवून, सोबत घरातील आठवण लिहून, एक प्रत ग्रंथालयात द्यावी. अशा दहा-वीस नोंदी जमल्या तरी, जे शिपाई दगडावर केवळ आकडा होऊन राहिले त्यांच्यापैकी काहींना त्यांचे नाव परत मिळेल.